अडीच मिनिटांत गवयाचे आयुष्य

सिनेमाच्या थिएटराबाहेर पूर्वी चित्रपटाची चोपडी विकत मिळत असे. पातळ कागद, वर नायक-नायिकेचे चित्र, आत सगळी गाणी आणि आरंभीच्या एक-दोन पानांत कथासार. हे कथासार लिहिणारा इसम मोठा बिलंदर असावा. नायिकेचे लग्न भलत्याशीच ठरले आहे, नायक तुरुंगात पडला आहे, म्हातारी आई औषधावाचून तळमळते आहे, इथपर्यंत तो वाचकाला बोटाला धरून आणी आणि ऐन वेळी बोट सोडून देई. पुढे काय होते ते रुपेरी पडद्यावरच पाहा! एवढे एक वाक्य लिहून तो मोकळा होई, आणि चोपडी वाचणारा खिशातले पैसे मोजू लागे.

जाहिरातीच्या शास्त्रावर पुढे जाडजूड ग्रंथ झाले, पण या एका वाक्याच्या पलीकडे ते फारसे गेले आहेत असे आम्हांला वाटत नाही. भूक लागेल इतके दाखवावे, पोट भरेल इतके दाखवू नये. दिवाळीत फराळाचे ताट आग्रहाने भरणाऱ्या गृहिणींना हे सूत्र पटणार नाही. पण त्यांना ताट विकायचे नसते.

चोपडी गेली आणि तिच्या गादीवर ट्रेलर बसला. या शब्दाचा मूळ अर्थ मागून ओढत येणारा. चित्रपटाच्या आधी दाखवायच्या तुकड्याला हे उलटे नाव कसे पडले? तर अमेरिकेत १९१३ च्या सुमारास ही चाल पडली तेव्हा असे तुकडे खेळ संपल्यावर दाखवीत. पण खेळ संपला की माणसे टोपी उचलून घरची वाट धरतात. तेव्हा तुकडा पुढे सरकला, नाव मात्र मागचेच राहिले. त्याची लांबी बहुधा अडीच मिनिटांच्या आसपास. २०१४ साली अमेरिकेतल्या थिएटरमालकांच्या संघटनेने 'दोन मिनिटांत आटपा' अशी सूचना काढली होती. आता तर ट्रेलर थिएटरात येण्याआधी मोबाइलवर येतो आणि लोक तो लोकलच्या गर्दीत, एका हाताने दांडी धरून पाहतात.

एरवीच्या ट्रेलरबद्दल आमची काही तक्रार नाही. मारामारीच्या चित्रपटाने मारामारी दाखवावी, विनोदी चित्रपटाने त्यातले उत्तम चार विनोद आधीच सांगून टाकावेत, ज्याचे त्याने पाहावे. या वेळी या सदरात विचार करावयाचा आहे तो गवयांच्या आणि वादकांच्या चरित्रपटांचा. सध्या त्यांचा हंगाम आहे. परदेशात 'रे' (२००४), 'वॉक द लाइन' (२००५), 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' (२०१८), 'रॉकेटमॅन' (२०१९), 'एल्व्हिस' (२०२२), 'अ कम्प्लीट अननोन' (२०२४) अशी रांग लागली. आपल्याकडेही 'बालगंधर्व' (२०११), 'मी वसंतराव' (२०२२), 'महाराष्ट्र शाहीर' (२०२३), 'अमर सिंग चमकीला' आणि 'स्वरगंधर्व सुधीर फडके' (दोन्ही २०२४) असे चित्रपट आले. प्रकार तसा जुनाच. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ चा, सैगलचा 'तानसेन' १९४३ चा, शांतारामबापूंचा 'लोकशाहीर रामजोशी' १९४७ चा आणि 'बैजू बावरा' १९५२ चा. गाणाऱ्याचे आयुष्य पाहण्याची हौस आपल्याला पहिल्यापासून आहे.

मग ट्रेलरचाच एवढा ऊहापोह कशाला? एवढ्यासाठी की चित्रपट पाहणाऱ्यांपेक्षा ट्रेलर पाहणाऱ्यांची संख्या नेहमीच मोठी असते. ज्याने चित्रपट पाहिला नाही, रेकॉर्ड ऐकली नाही, चरित्र वाचले नाही, त्या विशीतल्या मुलाच्या लेखी ट्रेलर हेच त्या गवयाचे चरित्र. चाळीस वर्षे पहाटे उठून रियाज केलेल्या माणसाची पुढल्या पिढीशी ओळख या अडीच मिनिटांत व्हायची. ती जर खोटी, उथळ किंवा अर्धवट झाली तर तक्रार करायला तो गवई हयात नसतो. काल्पनिक नायकाच्या ट्रेलरपेक्षा या ट्रेलरची जबाबदारी मोठी ती यामुळे.

आमचे एक गायनवेडे स्नेही आहेत. त्यांना हा सगळा खल व्यर्थ वाटतो. ते म्हणतात, "अहो, यात अवघड ते काय? बुवांचे सर्वांत गाजलेले गाणे लावा, त्यावर चार प्रसंग चिकटवा, झाला ट्रेलर!"

हे ऐकायला सोपे वाटते, आणि इतर चित्रपटांच्या बाबतीत आपल्याकडे ते खरेही ठरले आहे. विविध भारतीवर अमीन सायानी पंधरा-पंधरा मिनिटांचे प्रायोजित कार्यक्रम करीत. दोन संवाद, एक मुखडा, पुन्हा एक संवाद, आणि शेवटी थिएटरात येण्याचे आमंत्रण. तो कानाचा ट्रेलरच होता. पण ती गाणी नवी असत, ती पुरी ऐकण्यासाठी लोक थिएटरात जात. गवयाच्या चरित्रपटाची अडचण नेमकी उलटी आहे. त्याची गाणी लोकांना आधीच पाठ असतात. जे गाणे घरात फुकट ऐकता येते ते ऐकण्यासाठी तिकीट कोण काढणार?

दुसरी अडचण याहून मोठी. चोपडीवाल्याचे ब्रह्मास्त्र इथे चालत नाही. पुढे काय होते हे सर्वांना ठाऊक आहे! बैजू शेवटी जिंकणार, बालगंधर्वांना कीर्ती मिळणार आणि पुढे ओढगस्त येणार, चमकीला गोळ्यांना बळी पडणार. ज्या गोष्टीचे गाणेही माहीत आणि शेवटही माहीत, तिच्यात उत्कंठा आणायची कोठून?

आमचे उत्तर असे की ती गाण्याच्या अलीकडे शोधावी. गाणे माहीत असते. ते गळ्यातून बाहेर पडण्याआधी काय घडले ते माहीत नसते. बैठकीत बसणाऱ्यांना हे सांगायला नको. तबल्याचे आवर्तन संपत येते, गवई मुखडा उचलतो, सम दिसू लागते आणि सगळ्यांच्या माना वर होतात. सम कोठे पडणार हे प्रत्येकाला पक्के ठाऊक असते, तरीही त्या दोन-तीन मात्रांत श्वास अडकतो. उत्तम ट्रेलर म्हणजे त्या दोन-तीन मात्रा. सम थिएटरात पडावी.

'वॉक द लाइन'मध्ये एक प्रसंग आहे. तरुण जॉनी कॅश मेम्फिस गावी रेकॉर्ड काढणाऱ्या सॅम फिलिप्सपुढे उभा राहून एक भक्तिगीत म्हणू लागतो. चांगले म्हणतो. पण फिलिप्स त्याला मध्येच थांबवतो आणि विचारतो की मरण समोर उभे असताना एकच गाणे म्हणता येणार असेल तर तू हेच म्हणशील काय? कॅश गप्प होतो. मग चाचरत, घाबरत, स्वतःचे गाणे काढतो. पुढे तो केवढा मोठा झाला हे प्रेक्षकाला ठाऊक आहे, तरी त्या गप्प क्षणी त्याचे काळीज धडधडते. गवयाच्या आयुष्यात असा एक क्षण बहुधा असतोच. ट्रेलर करणाऱ्याने आधी तो हुडकावा आणि त्याच्या अलीकडे थांबावे.

आपल्या वसंतराव देशपांड्यांचे पाहा. १९२० साली जन्मलेला, लहानपणी नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकलेला आणि लाहोरास असदअली खाँसाहेबांकडे तालीम घेतलेला हा गवई वर्षानुवर्षे लष्कराच्या हिशेबखात्यात कारकुनी करीत होता. 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आले १९६७ साली, म्हणजे वसंतरावांच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. त्यातल्या खाँसाहेबांची दाद आपण सगळे देतो. पण त्याआधी खतावणीच्या रकान्यांवर खाली वाकलेली जी मान होती तिच्यात एवढ्या ताना कोठे दडवून ठेवल्या होत्या, हा प्रश्न आहे की नाही? असा प्रश्न ज्या चरित्रात आयता पडलेला आहे, त्याच्या ट्रेलरला पुरस्कारांची यादी लागत नाही. एक खतावणी आणि टेबलाखाली ताल धरणारा एक हात पुरतो.

शेवट ठाऊक असण्याचीही भीती बाळगू नये. अमर सिंग चमकीला या पंजाबी गायकाला आणि त्याची पत्नी अमरजोत हिला ८ मार्च १९८८ रोजी मेहसमपूर गावी गोळ्या घालून ठार मारण्यात आले. इम्तियाज अली यांचा चित्रपट या हत्येपासूनच सुरू होतो. शेवट आधीच सांगून टाकल्यावर प्रेक्षक 'काय झाले' हे विचारीत नाही, 'का झाले' हे विचारू लागतो, आणि हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा जास्त वेळ टिकतो. 'एल्व्हिस'मध्ये बाझ लुरमन यांनी तिसरी युक्ती योजली. एल्व्हिसची गोष्ट त्याचा मॅनेजर कर्नल पार्कर सांगतो, आणि ट्रेलरमध्येही त्याचाच आवाज कानी पडतो. ज्याच्यावर गायकाला लुबाडल्याचा आरोप, तोच आपल्याला गोष्ट सांगतो आहे! सांगणाराच संशयित असला की माहीत असलेली गोष्टही पुन्हा ऐकावीशी वाटते.

आता आवाजाचा प्रश्न. तो मोठा नाजूक आहे.

पडद्यावर एकाने ओठ हलवायचे आणि आड राहून दुसऱ्याने गायचे, या रीतीला आपल्याकडे १९३५ पासून राजमान्यता आहे. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ती त्या साली रूढ केली आणि तेव्हापासून आपण नायकाच्या तोंडी कुणाचाही गळा बिनतक्रार मान्य करीत आलो. पण चरित्रपटात आपला कान एकाएकी सोवळा होतो. कारण मूळ आवाज कानात बसलेला असतो. मग ट्रेलरचे पहिले पाच सेकंद कथा कुणी पाहत नाही. सगळे एकच गोष्ट तपासत असतात: आवाज कुणाचा?

या प्रश्नाला आजवर तीन-चार तऱ्हांनी उत्तरे मिळाली. 'रे'मध्ये जेमी फॉक्सने अभिनय केला आणि गाणी बहुतांशी खुद्द रे चार्ल्सच्या आवाजात ऐकू आली. 'रॉकेटमॅन'मध्ये टॅरन एगर्टन स्वतः गायला. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'त फ्रेडी मर्क्युरीचा मूळ आवाज, मार्क मार्टेल या गायकाचा आवाज आणि नट रॅमी मालेक याचा आवाज यांची बेमालूम मिसळ केली. 'बालगंधर्व'मध्ये सुबोध भावे यांच्या मुखी आनंद भाटे यांचा गळा होता, आणि त्या गायनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'मी वसंतराव'मध्ये आजोबांची भूमिका नातवाने, म्हणजे राहुल देशपांडे यांनी केली आणि गाणीही तेच गायले. त्यांनाही राष्ट्रीय पुरस्कार लाभला. 'चमकीला'त दिलजीत दोसांझ आणि परिणीती चोप्रा ही दोघे चित्रीकरणाच्या वेळी प्रत्यक्ष गायली.

यांतली अमुक एक रीत खरी आणि बाकीच्या खोट्या असे आम्ही म्हणणार नाही. मात्र जी रीत निवडली असेल ती ट्रेलरने लपवू नये. 'अ कम्प्लीट अननोन'ची पहिली झलक २०२४ च्या जुलैत आली, तेव्हा बॉब डिलन साकारणाऱ्या टिमथी शॅलमेने धीटपणे आपला स्वतःचा आवाज पुढे केला. डिलनचे एक जुने, गंभीर गाणे त्याच्याच तोंडून ऐकवले. लोकांच्या मनातली शंका त्यांनी पहिल्याच दिवशी ओट्यावर आणून ठेवली. ज्यांना पटायचे त्यांना पटले, ज्यांना नाही ते निदान फसले तरी नाहीत. याउलट काही ट्रेलरांत दोन सेकंद आवाज, लगेच धडाम् असा ढोल, पुन्हा दीड सेकंद आवाज, पुन्हा टाळ्यांचा कडकडाट, असा प्रकार असतो. कान स्थिर होऊच देत नाहीत. आवाजाबद्दल खात्री नसलेला माणूसच इतकी घाई करतो. गवयाच्या ट्रेलरमध्ये निदान एक ओळ तरी अखंड, वर कुणाचा संवाद न घालता, ऐकवावी. तेवढाही धीर नसेल तर गवयाच्या वाटेला जाऊच नये.

आणि गाण्यांचे हक्कच हाती नसतील तर? हे काल्पनिक संकट नाही. जिमी हेंड्रिक्सवरचा २०१३ चा चित्रपट आणि डेव्हिड बोवीवरचा २०२० चा 'स्टारडस्ट' या दोहोंना त्या त्या गायकाची स्वतःची गाणी वापरता आली नाहीत. हेंड्रिक्सच्या वारसांनी परवानगी दिली नाही. बोवीच्या घरच्यांचा चित्रपटाला पाठिंबा नव्हता. तेव्हा प्रत्येकाने ज्या गाण्यांसाठी नायकाची आठवण ठेवली ती गाणीच नाहीत, अशा अवस्थेत ट्रेलर काढावा लागला. म्हणजे लग्नपत्रिका आहे, मांडव आहे, नवरदेवाचा तेवढा पत्ता नाही! हक्कदारांच्या संमतीने निघालेल्या चित्रपटाला गाणी मिळतात. मात्र अशा ठिकाणी घरच्यांना नको असलेले प्रसंग मिळतील की नाही, याची शंका राहते. गाणी हवीत की मोकळीक हवी, हा पेच या चित्रपटांच्या मुळाशीच आहे आणि जाणकाराला त्याची चाहूल ट्रेलरमध्येच लागते.

याचे ठळक उदाहरण 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चे. फ्रेडी मर्क्युरी म्हणजे मूळचा फरोख बलसारा, झांझिबारला १९४६ साली जन्मलेला पारशी मुलगा. त्याचे शालेय शिक्षण झाले आपल्या पाचगणीत. तिथल्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात राहून तो पियानो शिकला आणि शाळासोबत्यांचा 'द हेक्टिक्स' नावाचा वाद्यवृंद त्याने तिथेच जमवला. पुढे लंडनला 'क्वीन' या वाद्यवृंदाचा गायक म्हणून तो जगभर गाजला आणि १९९१ च्या नोव्हेंबरात एड्सने गेला.

या चित्रपटाची पहिली झलक २०१८ च्या मे महिन्यात आली. कारागिरी म्हणून पाहिले तर ती फार हुशार होती. एका गाण्याच्या पोटातून दुसरे गाणे निघत होते. 'वुई विल रॉक यू' या गाण्यातले दोनदा पाय आपटणे आणि एकदा टाळी हा ठेका ब्रायन मे यांनी मुळात श्रोत्यांना सामील होता यावे म्हणूनच बांधलेला. तो ऐकल्यावर खुर्चीतल्या माणसाचा पाय आपोआप हलतो. शिवाय भांडणही होते. सहा मिनिटांचे गाणे रेडिओवर कोण लावणार, असे म्हणणारा कंपनीचा मालक आणि हट्टाला पेटलेला गायक. गाणे पुढे अजरामर झाले हे आपल्याला ठाऊक असल्यामुळे त्या मालकाच्या तोंडाकडे पाहताना जी गंमत वाटते ती निराळीच. प्रेक्षकाला ठाऊक असलेली गोष्ट पात्रांना ठाऊक नाही, या अंतरावर ट्रेलर कसा उभा करावा हे इथे शिकण्यासारखे आहे.

पण याच झलकेवर टीकाही झाली. फ्रेडीची एका तरुणीशी जवळीक दाखवली. पुरुषांवरच्या त्याच्या प्रेमाचा आणि ज्या रोगाने तो गेला त्याचा मात्र मागमूस ठेवला नाही, असे कित्येकांनी उघड विचारले. चित्रपटात या दोन्ही गोष्टी आल्या, हे सांगितले पाहिजे. तेव्हा कुणी म्हणेल की ट्रेलरमध्ये सगळेच कसे येणार? काहीतरी गाळावे लागणारच. ते खरे. परंतु जागा नाही म्हणून गाळणे वेगळे आणि गिऱ्हाईक बिचकेल म्हणून गाळणे वेगळे. पाचगणीची शाळा गाळली तर कुणी रागावणार नाही. ज्या गोष्टीसाठी माणसाने आयुष्यभर किंमत मोजली ती गाळली, तर जिच्यातून गाणे निघाले ती कळच गाळल्यासारखे होते.

मग चरित्रात नवे काही घालायचेच नाही काय? तसे आम्ही म्हणत नाही. प्रभातच्या 'संत तुकारामा'साठी शांताराम आठवले यांनी अभंगाच्या धाटणीचे एक पद लिहिले. विष्णुपंत पागनिसांच्या मुखातून ते इतके सहज उतरले की पुष्कळांना ते तुकोबांचेच वाटले, अजूनही वाटते. ही भर आहे, पण ती तुकोबांच्या स्वभावाच्या दिशेने जाणारी आहे. त्या पदाने तुकाराम लहान झाले नाहीत. भर घाला, गाळा, क्रम बदला. फक्त माणूस बदलू नका. ट्रेलरला लावायची कसोटी हीच. तो गवई स्वतः मागच्या रांगेत येऊन बसला, तर 'हा मीच' असे म्हणेल काय?

दुर्दैवाने बहुतेक ट्रेलरांतला गवई ओळखताच येत नाही, कारण तो सगळीकडे एकच असतो. आरंभी अंधारा रंगमंच आणि पाठमोरा नायक. मग 'एका छोट्याशा गावात' अशी अक्षरे. रागीट बाप. फुटलेले वाद्य. एक शेठजी म्हणतो, हे गाणे चालणार नाही. लगेच ते चालते. टाळ्या, मोटारी, बाटली, रडणारी बायको. पाऊस. मग पुन्हा तोच अंधारा रंगमंच, दिवे लागतात, आणि जनसमुदायाचा जयघोष. अमेरिकेत २००७ साली 'वॉक हार्ड' नावाचा चित्रपट निव्वळ या साच्याची टर उडवण्यासाठी निघाला. त्यातला गायक रंगमंचामागे मान खाली घालून उभा असतो, कारण गाण्यापूर्वी त्याला आपले सबंध आयुष्य आठवावे लागते! एवढी थट्टा होऊनही साचा काही मोडला नाही. साच्यात ओतले की कुमार गंधर्व काय आणि रे चार्ल्स काय, एकाच मापाच्या करंज्या निघतात.

नुसती टीका करणे सोपे, करून दाखवा असे आमचे स्नेही म्हणतील. तेव्हा कागदावर का होईना, एक ट्रेलर मांडून पाहू. गवयाऐवजी गायिका घेऊ. केसरबाई केरकर.

केसरबाईंचा जन्म १८९२ साली गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या केरी गावी झाला. लहानपणी त्या कोल्हापुरात काही महिने अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या, मग गोव्यात वझेबुवांकडे. मुंबईत आल्यावर बरकतुल्ला खाँ, भास्करबुवा बखले अशा थोरांकडे त्यांची तालीम झाली. पण कुठलीच सलग टिकली नाही. अखेर १९२१ साली अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा बांधला, तेव्हा त्यांचे वय तिशीच्या घरात होते. त्यानंतर वर्षानुवर्षे कठोर मेहनत. आवाज असा की बैठकीच्या शेवटच्या माणसापर्यंत मोकळा आकार पोहोचावा. १९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' नावाची दोन याने अंतराळात सोडली. पृथ्वीवरच्या आवाजांची एक सोनेरी तबकडी त्यांच्यावर बसवली आहे. तिच्यात भारताचे म्हणून एकच गाणे आहे: केसरबाईंची भैरवी, साडेतीन मिनिटांच्या आसपासची. याने ऑगस्ट-सप्टेंबरात निघाली आणि त्याच सप्टेंबरच्या १६ तारखेला केसरबाई निवर्तल्या. त्यातले पहिले यान २०१२ साली सूर्याच्या प्रभावाचा पट्टा ओलांडून ताऱ्यांच्या मधल्या अवकाशात शिरले.

आता अडीच मिनिटे. पडदा काळा, नुसता तंबोरा. अंधारात एक बारीक ठिपका सरकतो आहे, तो काय आहे ते सांगायचे नाही. मग केरीची पायवाट आणि आईबरोबर चाललेली मुलगी. एक दार उघडते, ती बसते, षड्ज लावते; दार मिटते आणि तंबोरा तुटतो. दुसरे दार, तसेच. तिसरे दार, तसेच. चौथ्या दाराशी आता ती मुलगी राहिलेली नाही, तिशीची बाई आहे. आत एक वृद्ध खाँसाहेब बसले आहेत. ते मान हलवतात ती हो म्हणून की नको म्हणून, हे कळण्याआधी दृश्य बदलते. परदेशी तंत्रज्ञ पांढरे हातमोजे घालून एक सोनेरी तबकडी यानावर बसवतात. तबल्याचा ठेका सुरू होतो. जुन्या रेकॉर्डची खरखर ऐकू येते. ती पुसायची नाही, कारण त्या काळाची तेवढीच खूण उरली आहे. मग केसरबाईंचा खरा आवाज, एकच आकार, अखंड, त्यावर एक शब्दही न बोलता. आवर्तन संपत येते, मुखडा उचलला जातो, आणि समेच्या एक मात्रा आधी पडदा काळा. पुन्हा तो ठिपका, आता आणखी लांब गेलेला. खाली फक्त नाव.

यात पुरस्कार नाहीत, पाऊस नाही, रागीट बापही नाही. चार दारे आहेत आणि एक प्रश्न आहे. जिला गावोगावचे दरवाजे असे मधूनच मिटलेले भेटले, तिचा आवाज दोन हजार चारशे कोटी किलोमीटरांच्या पलीकडे गेला तो कोणत्या बळावर? याचे उत्तर ट्रेलरने द्यायचे नसते. ते चित्रपटाने द्यावे, आणि नाही दिले तरी श्रोत्याने घरी जाऊन ती भैरवी ऐकावी.

आमच्या मते गवयाच्या ट्रेलरचे खरे यश तिकिटांच्या हिशेबात पुरते मोजता येत नाही. ट्रेलर पाहून एखादा पोरगा चित्रपटाला गेला तर निर्मात्याचे भले झाले. तोच पोरगा त्या रात्री कानाला यंत्र लावून मूळ गाणे शोधू लागला, तर त्या गवयाचे भले झाले. पहिल्या लाभासाठी ट्रेलर काढतात, हे आम्ही जाणून आहोत; निर्मात्यांनाही पोटे आहेत. पण ज्याच्या जिवावर हा व्यापार चालतो त्याच्या वाट्याला दुसरा लाभ यावा, एवढी अपेक्षा जास्त होऊ नये.

या दिवाळीच्या सुट्टीत मोबाइलवर असा एखादा ट्रेलर समोर येईलच. तो संपल्यावर वाचकांनी स्वतःला एकच विचारावे: आता मला पुढचे प्रसंग पाहावेसे वाटतात, की गाणे ऐकावेसे वाटते? दुसरे वाटले तर ट्रेलर करणाऱ्याला आमच्यातर्फे एक अनारसा जास्त वाढावा.